माझ्या पायांवर बोललेला नवस

ज्यांना ‘प्रेरणा’ हवी आहे त्यांनी हे वाचू नये. ती माझ्याकडे नाही. माझ्याकडे एक बरा पाय आहे, एक अर्धा बरा पाय आहे आणि माणसांविषयी काही ठाम मतं आहेत. ज्यांच्या घरी आज कोणी पलंगावर पडून छताकडे बघत आहे आणि बाहेरच्या खोलीत पाहुण्यांचा चहा चालला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पाहुण्यांनी वाचलं तरी चालेल. वाचून यायचं थांबले तर उत्तमच.

मुंज

माझं माहेर धारचं, सासर देवासचं. मी एका शाळेत ऑफिस सुपरिटेंडेंट आहे. परीक्षांची वेळापत्रकं, बसच्या फेऱ्या, कोणाची कोणती रजा शिल्लक, सगळं माझ्या टेबलावर. त्यामुळे नातेवाइकांत कोणाचंही कार्य निघालं की याद्या माझ्याकडेच येतात. धारला भाच्याची मुंज होती, तेव्हाही भटजींच्या सामानापासून आचाऱ्याच्या गॅसपर्यंत सगळं मीच लिहून काढलं होतं. आठवड्यापूर्वी माझं पोट बिघडलं होतं, ते बरं झालं होतं. मुंजीच्या आदल्या दिवशी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. यादीत त्यांच्यासाठी जागा नव्हती, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मातृभोजनाला बटूशेजारच्या मुलांना वाढता वाढता मी वाकले आणि मला सरळच होता येईना. पाटावर बसले ती बसलेच.

मग निदानाला सुरुवात झाली. काका म्हणाले गॅस. मामी म्हणाली, उपास केला असशील. भावाच्या साडूचं औषधांचं दुकान आहे, त्यांनी लांबूनच ‘बी-ट्वेल्व’ असा निकाल दिला. शेजारचे डॉक्टर भरल्या मंडपातून आले, शक्तीचं इंजेक्शन टोचलं, “कार्यघर म्हणजे दगदग आलीच” म्हणाले आणि जिलबी खाऊन गेले. दुपारी माझ्या हातातून चमचा पडला. संध्याकाळी दोघींनी धरूनही मला उभं राहता येईना. तरी भाऊ म्हणतच होता, “अगं, निघायचं तर जेवून तरी निघा.”

श्रीकांत, माझा नवरा, मंडपाच्या दारापर्यंत गाडी घेऊन आला. त्या वेळी तो एकच वाक्य बोलला: “बाजूला व्हा.” इतक्या वर्षांच्या संसारात मला त्याचं सर्वांत आवडलेलं वाक्य ते.

तुमच्या पायांना मुंग्या आल्या, त्या वर चढू लागल्या आणि साधा जिना जड झाला, तर जेवायला थांबू नका.

ऐकू येत होतं

इंदूरला एका तरुण डॉक्टरनं हातोडीनं माझ्या गुडघ्यावर टक् केलं. पाय हलला नाही. त्यानं पुन्हा केलं. पाय हलला नाही. तिसऱ्यांदा मारताना त्याचा चेहरा बदलला, तेव्हा मला कळलं की हे गॅसचं नाही. आजाराचं नाव गुलेन बॅरी. आपल्याच शरीराची फौज आपल्याच नसांवर चालून जाते, इतकं मला समजलं आणि इतकं पुरेसं आहे. डॉक्टर म्हणाला, “ज़्यादातर लोग ठीक हो जाते हैं.” मला उरलेल्या लोकांविषयी विचारायचं होतं. विचारायच्या आत जीभ जड झाली, आणि मग श्वास.

व्हेंटिलेटरवर मी किती दिवस होते ते श्रीकांतला पाठ आहे. मला छत पाठ आहे.

एक गोष्ट नीट ऐका. गळ्यात नळी असलेला माणूस बहिरा नसतो. मला सगळं ऐकू येत होतं. काचेपलीकडून हात जोडणारे परवडले. आत येऊन बोलणारे वेगळे. एक नातेवाईक माझ्या उशाशी उभे राहून श्रीकांतला म्हणाले, “एवढं करतोयस खरं, पण नंतर क्वालिटी काय राहणार?” क्वालिटी! जणू मी मंडीत आलेला गहू. मला बोट उचलता येत नव्हतं, नाहीतर उचललं असतं; कोणतं, ते मी इथे लिहिणार नाही.

बोलायला एक अक्षरांचा तक्ता होता. सिस्टर अक्षरांवरून बोट फिरवायची, हवं ते अक्षर आलं की मी पापणी मिटायची. तक्ता हिंदी. मला सांगायचं होतं की डोळे कोरडे पडलेत, आणि तक्त्यात ‘ळ’च नव्हता. जन्मभर मराठी आणि हिंदी एका ताटात जेवलेली मी, तिथे अडले. शेवटी ‘आँख’ म्हटलं. सिस्टरनं थेंब घातले. तेवढ्यावर माझं काम झालं.

दिवस असा असायचा: पहाटे अंग पुसणं, मग कूस बदलणं, मग नळीतला कफ ओढणं, मग राउंड, मग पुन्हा कूस. एक आया होती, ती हात लावण्याआधी सांगायची, “दीदी, अब बायाँ हाथ उठाऊँगी.” बाकीचे हात उचलायचे, जसं कपाटातलं सामान उचलतात. मी माणसांची प्रतवारी तिथेच करून टाकली, हात लावण्याआधी सांगणारे आणि न सांगणारे. तिच्यात अजून बदल करावा लागलेला नाही.

नवस

घरी आले ती चाकांच्या खुर्चीतून. हात हळूहळू परत आले, मग उजवा पाय. डावं पाऊल मात्र आलं नाही. ते घोट्यातून खाली लोंबायचं. त्यासाठी प्लास्टिकची स्प्लिंट मिळाली, पोटरीपासून तळव्यापर्यंत, बुटाच्या आत बसणारी. ती पाऊल धरून ठेवते. बूट नसला तर ती घसरते आणि मी पडते. हे वाक्य पुढे महत्त्वाचं आहे.

आमच्या घरी श्रीकांतच्या आत्या राहतात. वय ऐंशीच्या पुढे. मराठी त्यांच्या आजोबांच्या वेळची, आवाज तोफखान्याचा. मी काठी घेऊन पहिल्यांदा स्वयंपाकघरापर्यंत गेले त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, “बोलून ठेवलं आहे हो मी. सूनबाई पायांवर उभी राहिली की देवीच्या टेकरीवर अनवाणी चढेल, दोन्ही मातांची ओटी भरेल.”

“कोण चढेल?”

“तू. आणखी कोण?”

“बोललं कोण?”

“मी. तू तेव्हा बोलत होतीस का?”

आमच्याकडे नवसाची ही फार सोयीची रीत आहे. बोलणारा एक, फेडणारा दुसरा. बाप बोलतो, मुलाचं डोकं भादरलं जातं. सासू बोलते, सून सोळा शुक्रवार उपाशी राहते. तोंड आपलं आणि पाय परक्याचे, याला इथे श्रद्धा म्हणतात. मी आत्याबाईंना सांगितलं की बुटाशिवाय मला चालता येत नाही. त्या म्हणाल्या, “देवीला बूट चालत नाहीत.” मी म्हटलं, मग देवीनं पाऊल पूर्ण द्यायचं होतं. दोन दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला. घरात बरीच शांतता होती.

डही

इंदूरच्या फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये माझ्या शेजारच्या गादीवर सुमली असायची. धार जिल्ह्यातल्या डहीच्या पलीकडच्या गावची, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान, आजार तोच. आम्ही दोघी एकाच दिवशी पहिल्यांदा उभ्या राहिलो. ती दोन समांतर दांड्यांच्या मध्ये थरथरत हसत होती. “दीदी, नई जन्मी बछिया ऐसे ही खड़ी होती है!” मग एक दिवस तिची गादी रिकामी. डहीहून इंदूर, बस बदलत, रोज कोण आणणार आणि किती दिवस?

बऱ्याच महिन्यांनी, मी गाडीत नीट बसू लागल्यावर, आम्ही तिला भेटायला गेलो. तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी अंगणात आणलं. व्यायाम करून घेणारं कोणी नव्हतं, त्यामुळे तिची टाच आखडून वर चढली होती. पाऊल जमिनीला टेकतच नव्हतं. आमचं दुखणं एक, डॉक्टर एक, गाद्या शेजारीशेजारी. फरक एवढाच की माझ्या घरापासून फिजिओथेरपी अर्ध्या-पाऊण तासावर होती.

सुमली माझ्या बुटांकडे बघून म्हणाली, “दीदी, जूते तो थानेदार वाले पहने हैं.” सगळे हसले. डहीला फिजिओथेरपीची एक खोली हवी, इतकंच मी देवास येईपर्यंत ठरवलं.

भिया

नितीनभिया, म्हणजे माळव्याच्या बोलीत नितीनभाऊ, आमच्या शहरातल्या एका सेवामंडळाचे अध्यक्ष. गोरे, गुटगुटीत, खांद्यावर नेहमी कोणीतरी नुकताच सत्कार केल्यासारखी शाल. मी त्यांना खोलीचं सगळं लिहून दिलं: दांड्या, गाद्या, आठवड्यातून तीन दिवस येणारी एक फिजिओथेरपिस्ट. त्यांनी कागद बाजूला ठेवला.

“ताई, लोक खोलीला पैसे देत नाहीत. डोंगराला देतात.”

“म्हणजे?”

“म्हणजे चॅरिटी क्लाइंब! हिमाचल. बर्फ, झेंडा, आणि सगळ्यांच्या पुढे आपण! जी कधी व्हेंटिलेटरवर होती, ती आज शिखरावर. अरे क्या बात है! बॅनरच दिसतोय मला.”

मला बॅनर दिसत नव्हता. मला दिसत होती टाच. पण ते चुकीचं बोलत नव्हते, हेच अपमानास्पद होतं. या गावात लोक दांड्यांसाठी खिशात हात घालणार नाहीत, पण एका अर्धवट बऱ्या बाईला बर्फात ढकलायला घालतील. मी म्हटलं, ठीक. पण चढणार असेन तर चढेन. पायथ्याशी शाल पांघरून फोटोला उभी राहणार नाही.

“बिल्कुल, बिल्कुल,” नितीनभिया म्हणाले. हा शब्द ज्यांच्या तोंडात फार असतो त्यांच्यापासून सावध राहावं.

पथकाचे प्रमुख राठौर सर महूकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांना माझं कौतुक नव्हतं, म्हणून ते मला लगेच आवडले. त्यांनी माझा डावा पाय गुडघ्यापासून खाली तपासला, फिजिओथेरपिस्टशी फोनवर बोलले आणि अट घातली. काही महिने सराव. मग त्यांच्यासमोर पाठीवर पूर्ण सामान घेऊन टेकरी दोनदा चढायची, दोनदा उतरायची. उतरताना कठड्याला हात नाही. जमलं तर शिखराच्या तुकडीत. नाही जमलं, तर कुठपर्यंत जायचं ते सर ठरवणार.

मी रोज सकाळी टेकरीवर जाऊ लागले. देवासच्या टेकरीवर सकाळी अर्धं गाव असतं. त्यातल्या प्रत्येकाला मला काहीतरी सांगायचं असतं. “आंटी, लौकी का जूस.” “भाभी, उलटं चाला, मेंदूला चांगलं.” एका गृहस्थांनी तर मला थांबवून सांगितलं की त्यांच्या मेव्हण्याला हाच आजार झाला होता आणि तो गेला. मी विचारलं, “मग मी काय करू?” गृहस्थ चालू लागले. अशा लोकांना एकच प्रश्न विचारावा, तो हाच.

चढणं सोपं आहे. हे कोणी सांगत नाही, मी सांगते. चढताना पाय मागून ढकलतो, आणि ते माझ्या मांड्यांना येतं. उतरताना पाऊल हळू टेकवावं लागतं, आणि माझं पाऊल हळू काही करत नाही. स्प्लिंट असली तरी ते फटकन पडतं. मी चढताना लोक टाळ्या वाजवायचे. उतरताना माझ्याकडे कोणी बघत नसे, आणि मी घामानं भिजायची ती तेव्हा.

बाक

घरी आत्याबाईंचा अबोला संपून आता घोषणा सुरू झाल्या होत्या. आईच्या डोंगरावर रोज बूट घालून चढते, नवस मात्र फेडत नाही. दुखणं उलटेल. त्या हे भाजी निवडतानाही म्हणत आणि जपमाळ ओढतानाही.

श्रीकांत काही म्हणत नसे. तो फक्त ‘सावकाश’ म्हणत असे. उठताना सावकाश, बसताना सावकाश, चहा पिताना सावकाश. मी त्या शब्दावर बंदी घातली, तेव्हा तो माझं कोपर धरू लागला. न सांगता.

एक दिवस नितीनभियांकडून आलेला कार्यक्रमाचा कागद वाचला. शिखराच्या तुकडीत माझं नाव नव्हतं. ‘पायथा: प्रेरणास्थान’ अशा मथळ्याखाली एकटीचं नाव. मी फोन केला.

“ताई, बुरा मत मानना,” नितीनभिया म्हणाले, “श्रीकांतभियांनीच सांगितलं की आपण खालीच थांबणार. मला वाटलं आपलं बोलणं झालंय.”

श्रीकांत पेपर वाचत होता. मी पेपर काढून घेतला.

“तू माझं नाव काढलंस?”

“काढलं नाही. खाली ठेवलं.”

“मला न विचारता.”

“तू पडलीस तर?”

“तर उठेन.”

“आणि नाही उठलीस तर?” त्याचा आवाज चढला. तो कधी चढत नाही. “तू आत होतीस. तुला छत दिसत होतं. मी बाहेर त्या बाकावर होतो. दार उघडलं की प्रत्येक वेळी वाटायचं, आता मलाच बोलावणार. मी पुन्हा त्या बाकावर बसणार नाही, समजलीस? नाहीच बसणार.”

मी बरंच काही बोलायची तयारी करून गेले होते. पेपर त्याला परत दिला. आजारी माणसाला वाटतं की आजार आपल्या एकट्याचा आहे. माझी तुच्छता सगळ्यांना पुरली होती, त्या बाकाला पुरली नाही. पण म्हणून मी त्याला मोकळं सोडलं असंही नाही. “उद्यापासून माझ्याबरोबर टेकरीवर ये,” मी म्हटलं. “मी कशी उतरते ते बघ. मग काय सांगायचं ते मला सांग, नितीनभियांना नाही.”

तो आला. पहिल्याच वळणावर त्याला धाप लागली आणि तो पायरीवर बसला. मी वरून ओरडले, “सावकाश!” शेजारून चाललेल्या बायका फार हसल्या. त्यानंतर तो रोज येऊ लागला आणि माझं कोपर त्यानं सोडलं. माझं नाव पुन्हा परीक्षेच्या यादीत गेलं.

पाऊल

पण नितीनभियांच्या कानावर नवसही गेला होता. देवासात काही लपत नाही. परीक्षेच्या दोन-तीन दिवस आधी ते घरीच आले, पेढे घेऊन.

“ताई, एक झकास कल्पना. परीक्षेच्याच दिवशी शुभारंभ करू. कॅमेरा बोलावलाय. आपण अनवाणी टेकरी चढायची, आईचा नवस फेडायचा, आणि वर गेल्यावर मोहिमेचा झेंडा! भक्तीची भक्ती, और जज़्बे का जज़्बा!”

“बघा,” आत्याबाई म्हणाल्या. “परक्या माणसाला कळतं.”

“बुटाशिवाय मला चालता येत नाही,” मी म्हटलं.

“थोडंच, ताई. सुरुवातीच्या पायऱ्या आणि शेवटच्या. मधलं आम्ही कापून टाकू.”

“आईच्या दारात कापाकापी नाही,” आत्याबाई कडाडल्या. “सगळ्या पायऱ्या. वाटेत बसत बसत गेली तरी चालेल. आधी फेडायचं, मग हिमाचल काय ते बघायचं. न फेडता निघालीस तर या घरातून निघताना तुझा नमस्कार घेणार नाही मी.”

श्रीकांत माझ्याकडे बघत होता. मी बघत होते पेढ्यांच्या डब्याकडे. अनवाणी चढले तर पाऊल दुखावणार, परीक्षा जाणार, शिखर जाणार. नाही चढले तर आत्याबाई खरंच नमस्कार घेणार नाहीत, आणि मी कितीही म्हटलं तरी या घरातून तसं निघणं मला जमलं नसतं. देवीला मी भीत नाही. आत्याबाईंना थोडी भिते.

मग माझ्या लक्षात आलं की या घरात एकानंही माझं उघडं पाऊल चालताना पाहिलेलं नाही. मीच कधी दाखवलं नव्हतं. न्हाणीतून बाहेर यायच्या आत स्प्लिंट आणि बूट चढवलेले असत. टापटीप.

मी खुर्चीत बसले. बूट काढला, पट्टे सोडले, स्प्लिंट काढून पेढ्यांशेजारी ठेवली. उठले. भिंतीला हात लावून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. पाऊल लोंबत होतं. ते पुढे टाकायला गुडघा कोंबड्यासारखा वर उचलावा लागत होता, तरीही बोटं फरशीवर घासत होती. खोलीत आवाज फक्त त्यांचाच. निम्म्या वाटेत अंगठा मुडपला आणि मी टीपॉयवर पडता पडता राहिले. श्रीकांत अर्धा उठला आणि पुन्हा बसला. त्याला किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे.

नितीनभिया म्हणाले, “अरे, हे तर फारच... हे जर शूट केलं ना, ताई—”

“गप रे,” आत्याबाई म्हणाल्या.

त्या माझ्या पावलाकडे बघत होत्या. मग जपमाळ पिशवीत घातली.

“मला ठाऊक नव्हतं हो,” त्या म्हणाल्या. “बुटात कसं कळावं?” आणि पिशवीची नाडी ओढत, “बोलले मी. माझं मी फेडीन.”

“आत्याबाई, तुम्ही? टेकरी?”

“रोपवे आहे ना? अनवाणी म्हणाले होते मी. पायऱ्या मोजून घ्यायला देवीनं कारकून बसवलेला नाही.” आदल्याच घटकेला सगळ्या पायऱ्या म्हणून कडाडलेली बाई ही. शहाण्या माणसानं जिंकताना तोंड बंद ठेवावं.

टेकरी

परीक्षेच्या सकाळी आत्याबाई नऊवारी नेसून, ओटीचं सामान मांडीवर घेऊन, अनवाणी, रोपवेच्या डब्यात बसल्या. श्रीकांत त्यांच्याबरोबर. नितीनभियांचा कॅमेरावाला माझे बूट टिपायला वाकला, तशा आत्याबाई डब्यातून ओरडल्या, “अरे ए, नवस माझा आहे! चित्र काढायचं तर या पायांचं काढ!” आणि पाय उचलून दाखवले. त्यानं काढलं. त्या मोहिमेचा तेवढाच एक फोटो मला आवडतो.

मी सामान पाठीवर घेऊन पायऱ्यांनी गेले. वर दोघींनी मिळून ओटी भरली. नमस्कार आत्याबाईंनी केला. मी पाण्याचे घोट घेतले. पहिला उतार बरा गेला. दुसरी चढणही गेली. आत्याबाई वर सावलीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, “ती, बूटवाली, आमची सूनबाई.” आवाजात तक्रार होती की दुसरं काही, ते मी थांबून ऐकलं नाही.

दुसऱ्या उतारावर, निम्म्याच्या जरा खाली, पावलाचं टोक पायरीच्या कडेला अडलं. मी विचार केला नाही. हातानं केला. कठडा घट्ट धरलेला होता आणि मी उभी होते. पडले नाही. पण हात कठड्यावर होता, आणि राठौर सर खालून बघत होते.

खाली पोचले तेव्हा त्यांनी वही काढली नाही, घसा खाकरला नाही.

“दूसरे पड़ाव तक, मैडम. उससे ऊपर नहीं.”

“एक ही बार पकड़ा, सर.”

“ऊपर पकड़ने को कुछ नहीं है.”

त्यांनी मला माणूस म्हणून नापास केलं होतं, प्रेरणा म्हणून पास केलं नव्हतं. राग आला. तो उतरायला चारेक दिवस लागले. पण त्या क्षणी मी ‘जी’ म्हटलं, आणि तो माझ्या आजारपणातला सर्वांत कठीण शब्द होता.

नितीनभिया डोक्याला हात लावून बसले. “ताई, दुसऱ्या मुक्कामाचं बॅनर कसं करणार? ‘जवळजवळ शिखर’? काहीतरी करू. फोटो शिखराचाच टाकू, कोणाला कळतं?”

“मला कळतं,” मी म्हटलं. “जाते तिथपर्यंतचंच लिहा. लोकांनी दिले तर दिले. नाही दिले तर मी पुढच्या वर्षी दुसरा डोंगर शोधीन. खोली होईपर्यंत तुमची सुटका नाही.”

“मार डाला,” भिया म्हणाले आणि कॅमेरावाल्याला सामान आवरायला सांगितलं.

इतक्यात श्रीकांतचा फोन. आत्याबाई रोपवेच्या रांगेत उभं राहायला तयार नव्हत्या आणि पायऱ्यांनी निघाल्या होत्या. तो त्यांच्या मागे होता आणि त्या त्याला आपल्या खांद्यावरच्या पिशवीलाही हात लावू देत नव्हत्या.

मी पाठीवरचं सामान खाली ठेवलं आणि पुन्हा चढले. वळणावर त्या भेटल्या. दोन्ही हातांनी कठडा धरून, आडव्या, एकेक पाऊल, पदर खोचलेला, चेहरा लाल. तळवे धुळीनं माखलेले.

“आत्याबाई, हे काय?”

“तुझं झालं का?”

“झालं. दुसऱ्या मुक्कामापर्यंत सोडणार आहेत. शिखर नाही.”

“कठडा धरलास. वरून दिसलं मला.”

“धरला.”

“मग धर आता. इथे कोणी बघत नाही.”

मी त्यांच्या खालच्या पायरीवर उभी राहिले, पडल्या तर माझ्यावर पडाव्यात म्हणून, आणि कठडा धरला. आम्ही उतरू लागलो. दोघीही आडव्या, दोघीही एका वेळी एकच पायरी. वरून श्रीकांत सूचना देत होता, त्याला आम्ही दोघींनी मिळून गप्प केलं. लोक बाजूनं धडधडत उतरत होते. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. आत्याबाई मध्ये मध्ये थांबून आपल्या गुडघ्याला शिव्या घालत, मी माझ्या पावलाला.

शेवटच्या वळणावर त्या थांबल्या, मंदिराच्या दिशेनं वर बघितलं आणि हात जोडले. ओठ हलले.

“आई, ही पोर बर्फातून सुखरूप खाली आली की—”

“आत्याबाई!”

“—की मी येईन, म्हणत होते,” त्या चिडून म्हणाल्या. “माझ्या पायांनी. माझं वाक्य तरी पुरं होऊ देत जा, सूनबाई.”